नमुना सही

मालवा मिलजवळच्या आमच्या शाखेत
तीन नंबरच्या खिडकीवर मी बसायचो.
भोंगा थांबून कित्येक वर्षं झाली होती,
तरी म्हातारे वेळ भोंग्यावरूनच सांगत.

सिस्टर सेलिना कटारा पहिल्यांदा आल्या
तेव्हा करड्या साडीच्या काठाला नाल्याचा चिखल.
मागे अकरा बायका,
बारावी बाहेर पायरीवरच बसून राहिलेली.
पोती आणली नव्हती त्यांनी त्या दिवशी,
पण खांदे तसेच, एका बाजूला उतरलेले.

मला वाटायचं, सिस्टर म्हणजे केरळच्या.
या निघाल्या थांदल्याकडच्या.
बायकांशी भिलीत बोलत, माझ्याशी शाळेतल्या हिंदीत,
आणि माझं आडनाव वाचून
"कसं काय?" एवढंच मराठीत म्हणून हसल्या.

मी सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला.
त्यांनी झाकण लावलं.
"तीन महिन्यांनी येतो. पैसे तोवर डब्यात राहतील."
म्हटलं, सिस्टर, अंगठा चालतो, नियमात आहे.
"चालतो ना," म्हणाल्या,
"यांच्या बापांची शेतं अंगठ्यावरच चालत गेली."

त्या तीन महिन्यांतलं मी एकदाच पाहिलं,
फॉर्म द्यायला गेलो होतो खान नदीच्या काठी, तेव्हा.
पत्र्याची खोली, एक बल्ब, वासाची मला सवय नव्हती.
पाटी नव्हती, पुस्तक नव्हतं.
दिवसभर वेचलेली वेष्टनं जमिनीवर मांडलेली:
मीठ, साबण, दूध.
ज्याला हात लावून पोट भरायचं
त्याच्याच पाठीवरून अक्षर उचलत होत्या बायका,
आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर कोळशानं उतरवत होत्या.
सिस्टर कोपऱ्यात कुणाचं तरी पोर झोपवत बसलेल्या.
शिकवत होती ती पायरीवरची बारावी.

मग आल्या. बाराही जणी आत.
थावरीबाईला सात मिनिटं लागली.
थ पडायला आलेला, व ला पोट नाही,
जीभ दातांत धरून शेवटची वेलांटी.
रांगेतून कुणी ओरडलं, "भिया, लंच हो जाएगा!"
मी ते कार्ड डिंकानं चिकटवलं, कपाटात ठेवलं.

आठ महिन्यांनी त्या पैसे काढायला आल्या.
भंगारवाला वजनात मारतो,
आपलाच काटा घ्यायचा, असं ठरलेलं.
थावरीबाईनं स्लिपवर सही केली. झरझर.
मी कार्ड काढलं.
थ ताठ उभा. व चं पोट भरलेलं.
सही जुळत नव्हती.

नियमानं मी स्लिप परत केली.
तिनं स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं
जसं त्यानंच काही चोरलंय.
मी सिस्टरकडे बघितलं, त्या बोलतील म्हणून.
त्या मुद्दाम पंख्याकडे बघत राहिल्या.
बराच वेळ गेला.
मग थावरीबाईनं कार्डावर बोट ठेवलं, मग स्लिपवर,
म्हणाली, ती पण मीच, ही पण मीच.

नवं कार्ड भरताना एक रकाना असतो,
सही बदलण्याचं कारण.
लोक लिहितात लग्न, लिहितात हाताला दुखापत.
मी पेन धरून बसलो,
आणि लिहिलं, सुधारणा.
मॅनेजरनं चष्म्यावरून पाहिलं. काही बोलला नाही.

सिस्टरची पुढे आलिराजपूरकडे बदली झाली.
एक ट्रंक, एक छत्री, रात्रीची बस.
मला कळलं तेव्हा काटा दोन वर्षं जुना झाला होता
आणि भंगारवाला दुकान हलवून गेला होता.

आता माझा हात कापतो.
पेन्शनच्या खिडकीवरचा पोरगा, सभ्य आहे बिचारा,
म्हणतो, काका, सही जुळत नाही,
अंगठा देऊन टाका, चालतो.
पॅड पुढे सरकवतो.

मी झाकण लावतो.
पेन मागतो.
मागे रांग कुरकुरायला लागलेली,
आणि माझ्या नावाचं पहिलंच अक्षर
पडायला आलेलं.